बुधवार सोडून

राणीची बाग बुधवारी बंद असते. हे मला कळलं ते वयाच्या साठाव्या वर्षी, भायखळ्याला फाटकासमोर उभी असताना. वसई रोडहून सकाळची गच्च भरलेली चर्चगेट लोकल, दादरला उतरून पूल, तिथून मध्य रेल्वेची धीमी गाडी, परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि भायखळा. मग पूर्वेला उतरून दहा मिनिटांची चाल. एवढं सगळं करून पोचले तर फाटकाला कुलूप. पहारेकऱ्याला माझ्यासारख्यांची सवय असणार. "मावशी, आज बुधवार ना," एवढंच म्हणाला. आणखी दोन कुटुंबं परत फिरत होती. त्यांची पोरं पेंग्विनसाठी रडत होती. मी एका झाडासाठी आले होते, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

झाड होतं उर्वशीचं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोटो पाठवला होता. फांदीवरून खाली सुटलेली लालभडक फुलांची माळ, दोनेक फूट लांब, आणि प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीला पिवळ्या रंगाचं बोट लावलेलं. खाली लिहिलं होतं, 'बाई, राणीच्या बागेत फुललीय. तुम्ही पाहिली असेलच.'

ते 'असेलच' मला लागलं. वसईच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, आणि विज्ञानाची बाई म्हणून राणीच्या बागेची सहल दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायची. पंचवीसेक वर्षं मी त्या बागेत गेले. काय पाहिलं? डोकी. बावन्न डोकी आत, बावन्न बाहेर. हत्ती, पाणघोडा, माकडं, डबे, पाण्याचा नळ, कुणाची तरी हरवलेली चप्पल. झाडाखाली बसून आम्ही पुरीभाजी खाल्ली ते झाड कोणतं, हे वर मान करून बघायला मला सवड झाली नाही.

त्या बुधवारनंतर घरी पाहुणे आले, मग एक लग्न निघालं, आणि मी पुन्हा गेले ती अकरा दिवसांनी. उर्वशी सापडली. फुलं मात्र जमिनीवर होती, कडेने तपकिरी झालेली. वर एका देठाला दोन चुरगळलेल्या पाकळ्या लटकत होत्या. बाजूला पाचोळा गोळा करणारे माळीदादा म्हणाले, "आठ दिवस आधी यायचं." मी म्हटलं, आलेच होते. फाटकापर्यंत.

तिथून हे वर्ष सुरू झालं. एकदा जाऊन बाग 'पाहिली' म्हणता येत नाही एवढं तरी त्या दिवशी कळलं. प्राणी रोज पिंजऱ्यात असतात. झाडाचे दिवस झाड ठरवतं, आणि त्याला आपली रजा, आपले पाहुणे आणि बुधवार, कशाशी देणंघेणं नसतं. मी ठरवलं, पुढच्या माघापर्यंत साधारण दर दोन महिन्यांनी यायचं.

खरं तर ही बाग आधी झाडांचीच. प्राणी मागाहून आले. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती; ती जमीन पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याला नवी बाग आखली गेली आणि नोव्हेंबर १८६२ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. नाव अर्थातच व्हिक्टोरिया गार्डन्स. मुंबईकरांनी त्याचं 'राणीची बाग' करून टाकलं, आणि १९६९ मध्ये वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव दिल्यावरही राणी काही जिभेवरून उतरली नाही. जिजाबाईही राणीच होत्या, त्यामुळे कुणाचं बिघडत नाही. बागेच्या आखणीत डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा मोठा हात. तोंडाशीच असलेल्या संग्रहालयासाठी झटणाऱ्यांत तेच होते, आणि त्यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट. संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं. आज ते भाऊ दाजींच्याच नावाने ओळखलं जातं. शेजारी घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा म्हणून उचलताना खाली पडला आणि फुटला, म्हणून आपल्याकडे राहिला. काळ्या घोड्याचा मूळ पुतळाही १९६५ पासून या बागेतच आहे. शहराला जे कुठे ठेवावं कळत नाही ते राणीच्या बागेत येतं, असं माझे यजमान म्हणतात. मला तो टोला वाटतो, पण खोडून काढता येत नाही.

विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली १२ एप्रिल १८६७ रोजी. बाग उघडली तेव्हा तर आमच्याकडच्या माणसाला ती पाहायला बैलगाडी आणि होडीच करावी लागली असणार. त्यानंतर मात्र आम्ही लोकांनी गाडी सोडलेली नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाडीत मी वाढले. वाडी म्हणजे केळी, पानवेल, नारळ, सुपारी, मधल्या जागेत भाजी, कडेला सोनचाफा आणि मोगरा, आणि सगळ्यांना पाणी पाजायला विहीर नाहीतर बावखल, म्हणजे छोटं तळं. आमच्याकडे बावखल होतं. वळवाच्या पहिल्या पावसात त्यात बेडूक ओरडले की आजी म्हणायची, भरलं. वाडीत प्रत्येक झाडाला काम असतं. राजेळी केळं कशासाठी? सुकेळी करायला, कार्तिकात निर्मळच्या यात्रेत विकायला. पांगारा कशासाठी? वेल चढवायला. आजी पहाटेच्या गाडीने दादरला फुलं घेऊन जायची. तिच्या लेखी झाडाची ओळख म्हणजे ते काय देतं, कधी देतं आणि बाजारात त्याचं काय येतं. नुसतं बघायचं झाड, ही कल्पनाच आमच्या घरात नव्हती. म्हणून असेल, राणीच्या बागेत पहिल्या दोन फेऱ्यांत मला सारखा एकच प्रश्न पडायचा: हे कशाला लावलंय?

मार्चमध्ये गेले ती सीता अशोकासाठी. वसईत आता जिथे तिथे इमारती झाल्या आणि प्रत्येक इमारतीच्या कुंपणाला उंच, सरळ, हिरव्या खांबांसारखी झाडं लागली. लोक त्यांना अशोक म्हणतात. तो आसुपालव. खरा अशोक बुटका, पसरट, आणि फुलांचे झुबके थेट जुन्या फांदीवर, कधी खोडावरही. फूल उमलतं तेव्हा पिवळं, मग नारिंगी, मग लाल. त्यामुळे एकाच झुबक्यात तिन्ही वयं दिसतात. पण मी अडकले ती फुलांत नाही, पालवीत.

अशोकाची नवी पालवी उभी राहत नाही. ती फांदीच्या टोकाशी लोंबत असते: मऊ, गुलाबीसर तपकिरी, ओल्या रुमालासारखी. हात लावला तर पान आहे असं वाटतच नाही, भिजलेला मलमलचा तुकडा वाटतो. दहाबारा दिवसांत तेच पान हिरवं होतं, ताठ होतं, आडवं होतं. हे बघून मी पुढे गेले तर ब्राउनिया. हे झाड उष्ण अमेरिकेतलं, त्याला लाल फुलांचे चेंडू येतात. त्याचीही पालवी तशीच लोंबती, ठिपकेवाली. परत वळून उर्वशीकडे गेले. तीही ब्रह्मदेशातून आलेली, आणि तिच्याही फांदीच्या टोकांना तेच ओले रुमाल. दोन खंड, तीन झाडं, एकच लकब. तिघंही शेंगावर्गी, आणि त्यातही जवळच्या नात्यातली. कोवळ्या पानात हिरवा रंग भरण्याआधी ते असं खाली सोडून दिलं की भर उन्हाचा मारा त्यावर सरळ पडत नाही. किडीलाही त्यात खाण्यासारखं फार काही नसतं. शाळेत मी 'अनुकूलन' हा धडा किती वेळा शिकवला असेन. फळ्यावर उंट काढायचे.

त्याच दिवशी महोगनीखाली उभी होते. वर टक् असा आवाज झाला, आणि फळाची जाड सालं पाकळ्यांसारखी सुटून खाली आली. मागोमाग बिया: प्रत्येकीला एक तपकिरी पंख, भिरभिरत, अजिबात घाई न करता. एक माझ्या ओच्यात पडली. खोटं कशाला बोलू, मी ती पर्समध्ये टाकली.

मे महिन्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच. शाळांना सुट्टी, बागेत पाय ठेवायला जागा नाही, अंगाची लाहीलाही. पेंग्विनच्या इमारतीबाहेर भली मोठी रांग. २०१६ मध्ये हे हम्बोल्ट पेंग्विन आले, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची ही जात. मुंबईच्या मेमध्ये थंडगार खोलीत राहणारे तेवढेच. बहावा, ताम्हण, गुलमोहर, सोनमोहोर सगळे एकदम. पण हे चौघं वसईतही दिसतात, त्यासाठी दोन गाड्या बदलायची गरज नाही. गुलमोहराची एक गोष्ट मात्र सांगते. मादागास्करचं हे झाड आपल्याकडे पहिल्यांदा १८४० च्या सुमारास शिवडीला दिसलं असं सांगतात. इतकं अलीकडचं! आणि आता गुलमोहराशिवाय मराठी उन्हाळ्याची कल्पना करता येते का?

जुलैत गेले तेव्हा पाऊस होता. छत्री, प्लास्टिकची चप्पल, आणि बाग जवळजवळ रिकामी. मला विचाराल तर राणीची बाग बघायची ती जुलैत, कामाच्या दिवशी, सकाळी. पर्जन्यवृक्षांच्या आडव्या फांद्यांवर बाशिंग नेच्याची पानं फुटलेली असतात, खोडं काळीभोर होतात आणि त्यावरचं शेवाळ इतकं हिरवं दिसतं की दिवा लावल्यासारखं वाटतं. कदंबावर नारिंगी गोळे. आणि गोरखचिंच.

गोरखचिंचेचं मला नवल नव्हतं, कारण आमच्या वसईच्या किल्ल्याच्या परिसरात ही जुनी झाडं आहेत. आफ्रिकेचं हे झाड, हत्तीच्या कातडीसारखी राखाडी साल, खोड इतकं फुगलेलं की फांद्या वर चुकून खोचल्यासारख्या वाटतात. आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि आपला पश्चिम किनारा यांच्यात अरबांची गलबतं शेकडो वर्षं ये-जा करत होती, मग पोर्तुगीजांची. बी त्यांच्याबरोबर आलं. वर्षातले कितीतरी महिने ते निष्पर्ण असतं. लहानपणी आम्हाला वाटायचं की ते मेलंय. पाऊस जवळ आला की एकदम पालवतं, हाताच्या पंजासारखी पानं येतात, आणि पानांबरोबर फुलं. पांढरी, वाटीएवढी, लांब देठावर उलटी टांगलेली. ती संध्याकाळी उमलतात. वटवाघळं रात्री मध प्यायला येतात, परागीकरण तीच करतात, आणि सकाळपर्यंत फूल मलूल होऊन गळतं. आता राणीची बाग संध्याकाळी बंद होते. म्हणजे हे फूल उमलताना तिथे कुणालाच बघता येत नाही. मला सकाळी जमिनीवर पडलेलं मिळालं, कडेने चहाच्या रंगाचं झालेलं. पाकळ्या जाड, मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका, दाढी करायच्या ब्रशासारखा. वास आंबूस. तो वटवाघळांसाठी, माझ्यासाठी नव्हे.

त्याच आठवड्यात मी किल्ल्यात गेले, संध्याकाळी. रिक्षाने किल्लाबंदरकडे, मग पायी. चर्चच्या पडक्या कमानी, भिंतीतून निघालेले पिंपळ, गुडघाभर गवत. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. वनस्पतींचा हा थोर अभ्यासक. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आंबा, फणस, नारळ, सुपारी, विड्याचं पान, केळं, म्हणजे आमच्या वाडीतलं बहुतेक सगळं त्यात आहे. आणि गंमत म्हणजे मुंबई बेट त्याच्याकडे इजाऱ्याने होतं. तिथे आपलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं असं त्याने लिहून ठेवलंय. मुंबईला वनस्पतिउद्यान मिळण्याआधी तीनशे वर्षं मुंबईचा जमीनदार वनस्पतिशास्त्रज्ञ होता.

किल्ल्यातल्या झाडाखाली मी दिवेलागणीपर्यंत थांबले. एक कळी फुगलेली दिसत होती. मग असा पाऊस आला की कमानीखाली पळावं लागलं, आणि अंधारात छत्री उलटी झाली. कळी उमलली की नाही, मला माहीत नाही. मुलगा घ्यायला आला तो रागावलेलाच होता.

त्या संध्याकाळी कमानीखाली उभी असताना मला हसू आलं. राणीच्या बागेत मी परदेशी झाडांच्या पाट्या वाचत फिरत होते: मादागास्कर, ब्राझील, ब्रह्मदेश. आणि आमची वाडी? पपई, पेरू, अननस, काजू, सीताफळ, मिरची, सगळं अमेरिकेचं, बरंचसं या किल्ल्यातल्या लोकांच्या जहाजांतून आलेलं. देवळातही लावतात आणि चर्चच्या आवारातही लावतात तो खुरचाफाही तिकडचाच. दसऱ्याच्या तोरणाचा झेंडू मेक्सिकोचा. वाडीत पाट्या नव्हत्या, म्हणून आम्ही सगळ्यांना घरचं समजलो.

झेंडूवरून ऑक्टोबर. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दादरला उतरले तर फुलबाजाराच्या बाजूला पूल केशरी झालेला. तुडवलेल्या झेंडूचा वास भायखळ्यापर्यंत पायाला चिकटून आला. या खेपेला मी कोलविलियासाठी गेले होते. हाही मादागास्करचा, गुलमोहराचा लांबचा भाऊ. मॉरिशसचा गव्हर्नर चार्ल्स कोलविल याच्यावरून नाव पडलं. उन्हाळ्यात तो गुलमोहरासारखाच दिसतो, पानं तशीच पिसासारखी, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पाऊस सरला की फांद्यांच्या टोकांना भले मोठे घोस सुटतात, कळ्यांनी खच्चून भरलेले. कळी मखमली, नारिंगी, गोल, अगदी बोरासारखी. फूल उमललं तरी पूर्ण उघडत नाही. खालून वर बघितलं तर कुणी नारिंगी द्राक्षांचे घड टांगल्यासारखं वाटतं. झाडाखाली शिंजीर पक्ष्यांची इतकी लगबग होती की मी मान वर करून उभी राहिले ती दुखायला लागेपर्यंत. सहलीला आलेल्या एका शाळेची बाई बाजूने गेली, "चाला, चाला, रांग तोडू नका." मी तिला काही बोलले नाही. तिच्या हातात यादी होती.

त्या दिवशी माळीदादांशी बराच वेळ बोलणं झालं. सुमारे ५० एकरांची ही जागा, तीन हजारांच्या आसपास झाडं, जवळजवळ तीनशे प्रकारची. २००७ च्या सुमारास इथे आंतरराष्ट्रीय धर्तीचं प्राणिसंग्रहालय करायचा मोठा आराखडा निघाला होता. झाडांवर प्रेम करणाऱ्या मुंबईकरांनी, त्यांत बऱ्याचशा बायका, ही वारसा लाभलेली वनस्पतिबाग आहे याची आठवण सगळ्यांना करून दिली. झाडं मोजली, त्यांच्या याद्या केल्या, फुलांच्या वेळा लिहून ठेवल्या, आणि तो आराखडा त्या रूपात झाला नाही. आज पाट्यांवर आपण जी नावं वाचतो त्यामागे ही मोजदाद आहे. मी वसईत १९८० च्या दशकाच्या शेवटी हरित वसई चळवळीचे मोर्चे पाहिलेत, तिचे नेते फादर दिब्रिटोंना बोलताना ऐकलंय. आम्ही तेव्हा विहिरींसाठी आणि वाड्यांसाठी भांडत होतो. झाडं मोजायचं आम्हाला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

डिसेंबरात गेलेच नाही, गुडघा दुखत होता. हिवाळ्याच्या शेवटी इथे महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा जानेवारीअखेर जाऊन आले. कुंड्यांतली भाजी, फुलांचे हत्तीघोडे आणि त्यांच्याबरोबर सेल्फी. मला त्यात रस नाही, गर्दीला आहे, आणि गर्दीचं ऐकायला हवं. मी मागच्या बाजूला कैलाशपतीकडे गेले. हे झाड दक्षिण अमेरिकेचं, पण आपल्या लोकांनी त्याला शंकराच्या हवाली करून टाकलं. फुलं फांदीवर येत नाहीत. खोडातून दोरखंडासारख्या डहाळ्या फुटतात, त्यांवर येतात. फुलात पुंकेसरांची एक चकती आणि तिच्यावर वाकलेली दुसऱ्या पुंकेसरांची फणी. नागाने पिंडीवर फणा धरावा तसं. विद्यार्थ्यांना मी हे चित्रावरून सांगायचे. चित्रात नसतं ते असं: चकतीतले पराग रुजणारे, फणीतले वांझ. फणीतला खाऊ खायला मोठे काळे भुंगे आत शिरतात, आणि तो खात असताना चकतीतले खरे पराग त्यांच्या पाठीला लागतात. दहा मिनिटं उभी राहिले, चार भुंगे मोजले. चौघांचीही पाठ पिवळी झालेली.

आणि मग फेब्रुवारी. या खेपेला मी कॅलेंडरवर बुधवारांवर काट मारून ठेवली होती. विद्यार्थिनीला सांगितलं होतं की कळी दिसली की कळव. एका गुरुवारी तिचा फोन आला, शुक्रवारी मी भायखळ्याला.

उर्वशी फुलली होती. तिच्याविषयी मी वर्षभर वाचून ठेवलं होतं ते सगळं समोर आलं. नथॅनिएल वॉलिच या कलकत्त्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती १८२७ मध्ये ब्रह्मदेशात सालवीन नदीजवळच्या एका बौद्ध मठात दिसली. तिची फुलं गुहेत बुद्धमूर्तींपुढे ओंजळींनी वाहिलेली होती. गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट हिच्यावरून त्याने शास्त्रीय नाव दिलं. पुढे ड्यूक ऑफ डेव्हनशरने मुख्यतः या झाडासाठी आपला माळी जॉन गिब्सन कलकत्त्याला पाठवला. झाड विलायतेला पोचलंही, पण तिथे पहिल्यांदा फुललं ते त्याच्याकडे नाही, १८४९ मध्ये लुइझा लॉरेन्स नावाच्या बाईंच्या काचघरात, आणि पहिली फुलं गेली ती व्हिक्टोरिया राणीकडे. रानात हे झाड सापडणं फार दुर्मीळ. बी क्वचित धरतं, म्हणून बागवाले बहुधा गुटी कलमाने रोपं करतात.

हे सगळं डोक्यात होतं, आणि समोर झाड. माळ सरळ खाली सुटलेली. एकेक फूल लांब लाल देठावर दोन्ही बाजूंना पसरलेलं, पंख उघडलेल्या पाखरासारखं. वरच्या रुंद पाकळीचं टोक हळदीत बुडवून काढलेलं. वारा आला की सगळ्या माळा एकदम हलायच्या, आवाज मात्र काहीच नाही. एक बाई स्कार्फ बांधून चालत आली, थांबली, "किती छान डेकोरेशन केलंय," म्हणाली आणि निघून गेली. मी अर्धा तास उभी होते. खाली पडलेलं एक फूल उचललं. देठ रबरासारखा, वास जवळजवळ नाहीच.

परतीला दादरला दुपारची विरार गाडी पकडली. बायकांच्या डब्यात फुलवाल्या होत्या, पहाटेच्या गाडीने आलेल्या, आता रिकाम्या पाट्या पायांशी ठेवून झोपाळलेल्या. शेजारी बसलेली बाई माझ्या मोबाइलकडे बघत होती. मी फोटो पुढे केला.

"हे काय गो? कागदाचं?"

"खरं आहे. राणीच्या बागेतलं."

तिने मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. "वास?"

"नाही."

"तोडल्यावर किती दिवस टिकतं?"

"दोन-तीन. फार तर."

"मग याचं काय येणार बाजारात?" तिने मोबाइल परत दिला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बोरिवली गेलं, दहिसर गेलं. नायगावच्या खाडीवर गाडी आली तेव्हा ती पुन्हा वळली.

"दाखव बघू परत." तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला, फुलावर नाही, मागच्या फांदीवर. नीट न्याहाळलं.

"गुटी लागते का गो याला?"